आनुषंगिक आयुष्ये : 'माझा प्रवास' आणि इतिहासातील व्यक्तिजीवनाच्या आकर्षणाचा प्रश्न

विष्णुभट गोडसे यांचा ग्रंथ मराठी वाचकांपुढे १९०७ साली आला तो दोन नावे घेऊन. 'माझा प्रवास' हे एक नाव आणि १८५७ सालच्या बंडाची हकीकत हे त्याला जोडलेले दुसरे. पहिल्या नावात एका माणसाचे आयुष्य आहे, दुसऱ्यात एक राष्ट्रीय घटना आहे. पुढील शंभराहून अधिक वर्षे आपण बहुधा दुसरे नावच वाचत आलो आहोत. इतिहासाचे प्राध्यापक या ग्रंथाकडे झाशीच्या वेढ्याचे प्रत्यक्षदर्शी साधन म्हणून पाहतात. मराठीचे प्राध्यापक प्रवासवर्णनाच्या आरंभकाळातील एक टप्पा म्हणून त्याचा उल्लेख करतात, पण उतारा निवडण्याची वेळ आली की तेही राणी लक्ष्मीबाईंचाच प्रसंग निवडतात. ज्याचा प्रवास म्हणून हा ग्रंथ लिहिला गेला, तो कोकणातील भिक्षुक या दोन्ही वाचनांत केवळ एक खिडकी होऊन राहिला आहे. खिडकीतून दिसणारे दृश्य मोलाचे आहे याबद्दल वाद नाही. परंतु इतिहासातील असामान्य आणि सामान्य व्यक्तींच्या जीवनांचा अभ्यास आपल्याला का आकर्षित करतो, या प्रश्नाचे जे उत्तर या ग्रंथात दडलेले आहे, ते खिडकीकडेच पाहिल्याखेरीज हाती लागत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या आकर्षणाकडे अभ्यासकांनी नेहमीच आदराने पाहिले असे नाही. थॉमस कार्लाइलने १८४१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत विभूतिपूजेला इतिहासाचे तत्त्वज्ञान बनवले आणि एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी शिकलेल्या मराठी चरित्रकारांवर त्या दृष्टीची छाया पडली. त्याच्या अगदी विरुद्ध टोकाला दामोदर धर्मानंद कोसंबी उभे आहेत. १९५६ सालच्या भारतीय इतिहासविषयक ग्रंथात त्यांनी उत्पादनाची साधने आणि उत्पादनसंबंध यांतील क्रमवार बदल हाच इतिहास मानला आणि एखाद्या समाजाच्या राजाचे नाव काय होते यापेक्षा त्या समाजाजवळ नांगर होता की नव्हता हे कळणे अधिक महत्त्वाचे, असे बजावले. कोसंबींचा हा आक्षेप आजही निरुत्तर करणारा आहे. राजांच्या नामावळीला इतिहास समजणाऱ्यांना तो हवाच होता. मात्र त्यातून एक पेच उद्भवतो. नांगर होता एवढे कळल्यावर तो धरणाऱ्या एका विशिष्ट माणसाला त्या वर्षी कर्ज किती होते, मुलीचे लग्न ठरले होते की मोडले होते, आणि लढाईची बातमी आली तेव्हा त्याने नांगर सोडला की धरून ठेवला, हे विचारण्याची इच्छा संपत नाही; उलट तेथूनच ती सुरू होते. आपल्या जुन्या परंपरेत तिला थोडी वाट होती. महिपतींच्या 'भक्तविजया'त (१७६२) कुंभार, माळी, शिंपी अशा व्यवसायांतील माणसांची चरित्रे आहेत. पण तेथे मडके, मळा आणि सुई-दोरा ही साक्षात्काराची अधिष्ठाने असतात. गोरा कुंभाराच्या भट्टीतून दिवसाला किती मडकी निघत, हे महिपतींना सांगायचे नव्हते आणि त्यांच्या श्रोत्यांना ऐकायचेही नव्हते.

विष्णुभटांना मात्र असे बरेच काही सांगायचे होते. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक तिशीच्या आसपास असताना घरातून निघाला, त्याचे कारण अत्यंत साधे होते. घरावर कर्ज होते, कोकणात भिक्षुकीवर ते फिटण्यासारखे नव्हते, आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून तेथे विद्वान ब्राह्मणांना भरघोस दक्षिणा मिळेल अशी वार्ता आली होती. आईवडिलांचे मन वळवून, काकांना बरोबर घेऊन १८५७च्या आरंभी तो उत्तरेकडे निघाला. म्हणजे बंडाचा इतिहास लिहिण्यासाठी तर नाहीच, बंड पाहण्यासाठीही तो गेला नव्हता. वाटेत शिपायांच्या तोंडून त्याला पुढे काय होणार याची कुणकुण लागली, तरीही तो परत फिरला नाही. आजच्या वाचकाला हे धाडस वाटते. ग्रंथ सावकाश वाचला तर ध्यानात येते की, हा हिशेब आहे. रिकाम्या हाताने परतण्यापेक्षा पुढे जाणे त्याला कमी तोट्याचे वाटले असावे. इतिहास घडत असताना त्याच्या मध्यभागी सापडलेली बहुसंख्य माणसे अशाच कुठल्यातरी खाजगी हिशेबाने तेथे पोहोचलेली असतात, ही गोष्ट दफ्तरखान्यातील सरकारी कागद सांगत नाहीत.

ग्रंथाचे लेखन झाले ते घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी. त्यामुळे त्याच्या विश्वसनीयतेवर अभ्यासकांनी शंका घेतली आहे आणि ती रास्त आहे. तारखा, आकडे, दूरच्या लढायांचे तपशील येथे डोळे मिटून स्वीकारता येत नाहीत. पण या ग्रंथाचे समीक्षणात्मक वाचन करताना एक फरक नजरेआड होऊ नये. विष्णुभटांनी जे ऐकले ते सांगण्याची त्यांची रीत आणि जे पाहिले ते सांगण्याची रीत या दोन वेगळ्या रीती आहेत. ऐकीव भाग पुराणिकाच्या वळणाने येतो. बंडाची कारणे, त्यामागची मसलत, इंग्रजांनी धर्म बुडवण्यासाठी योजलेल्या कलमांची यादी, हे सर्व सभा भरवून, पात्रांच्या तोंडी भाषणे घालून सांगितले जाते. कथेकऱ्याला सवय असते तशी त्या भागाची गती असते. पाहिलेला भाग मात्र वस्तूंनी भरलेला आहे. झाशी पडल्यावर नगरात जी लूट झाली तिचा क्रम त्यांना आठवतो : आधी सोनेनाणे, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड आणि धान्य. लपण्याची जागा, तहान, रस्त्यांतील प्रेते, जळणाऱ्या घरांचा दर्प, राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा झालेला नाश, हे सर्व एका अशा माणसाच्या नोंदी आहेत की ज्याला घरात भांडे असणे आणि नसणे यांतला फरक अनुभवाने ठाऊक होता. दरिद्री गृहस्थाची नजर लुटीचे वर्गीकरण जितक्या बारकाईने करते तितक्या बारकाईने सेनापतीची नजर करत नाही. ह्यू रोझच्या फौजेने मार्च १८५८मध्ये झाशीला वेढा घातला, ३ एप्रिल रोजी चढाई केली आणि ४ एप्रिलच्या रात्री राणी किल्ल्यातून निसटल्या, हे अन्य साधनांवरूनही सिद्ध होते. पाठोपाठच्या दिवसांत घरोघरी काय घडले याचा असा तपशील मराठीत दुसऱ्या कोणी दिलेला नाही.

येथे राणीच्या चित्रणाकडे वळले पाहिजे, कारण ग्रंथाची सर्व कीर्ती त्यावर उभी आहे. दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी लिहिलेले लक्ष्मीबाईंचे चरित्र १८९४ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी कागदपत्रांच्या आधारे राणीवरील आरोपांचे निरसन करण्याचा प्रयत्न केला. ते चरित्र प्रतिवादीच्या वकिलाने लिहावे तसे आहे आणि त्या काळाची ती गरज होती. विष्णुभटांची राणी कोणाचाही बचाव करण्यासाठी अवतरत नाही. तिची दिनचर्या आश्रित ब्राह्मणाने न्याहाळावी तशी न्याहाळलेली आहे. पहाटेचा व्यायाम, मल्लखांब, घोड्यावरची रपेट, ऊन पाण्याच्या स्नानाची आवड, कधी पुरुषी तर कधी बायकी पोशाख, दानधर्म, दरबारातील न्यायनिवाडा. अशा तपशिलांत स्तुती नाही असे नाही. दक्षिणा देणाऱ्या धन्याची स्तुती करणे हा भिक्षुकाच्या धंद्याचाच भाग असतो. पण स्तुतीच्या पोटात कुतूहल आहे. कोणती गोष्ट कोणत्या वेळी होते आणि कोणाला काय मिळते, याकडे त्याचे लक्ष आहे. शिवाय आपल्या भोवतालच्या स्त्रियांपेक्षा ही स्त्री कोठे वेगळी आणि कोठे त्यांच्यासारखीच, हे तो मनोमन पडताळत असावा असे जागोजागी जाणवते.

झाशी सोडल्यानंतर काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी झालेली भेट पाठ्यपुस्तकांमुळे सर्वांना ठाऊक आहे. धुळीने माखलेली, पुरुषी पोशाखातील, तहानलेली राणी, पाणी काढून देण्यास पुढे सरसावलेला ब्राह्मण, आणि त्याला थांबवून स्वतः पाणी काढणारी ती. आपण हा प्रसंग राणीच्या निष्ठेचा, धर्मश्रद्धेचा आणि विरक्तीचा दाखला म्हणून शिकवतो. विधवेला स्वतःपुरते किती थोडे लागते याचा तिने केलेला उल्लेख विद्यार्थ्यांना हमखास सांगितला जातो. पण या प्रसंगात दोन माणसे आहेत. दोघेही झाशीतून सर्वस्व गमावून निघालेले आहेत. एकाने राज्य गमावले आहे, दुसऱ्याने गाठीला बांधलेली दक्षिणा. दोघांच्याही वाट्याला त्या सकाळी एकच विहीर आली आहे. राणीने पाणी काढू न देण्यामागे ब्राह्मणाच्या विद्वत्तेचा मान राखण्याची जुनी रीत आहे. म्हणजे राज्य गेल्यावरही ती राणीपणाचे एक कर्तव्य पार पाडते आहे, आणि सारे लुटले गेल्यावरही तो ब्राह्मणपणाचा मान स्वीकारतो आहे. त्या विहिरीवर दोघांच्याही अंगचे दर्जे अजून शाबूत आहेत. हे वाचन राणीचे मोठेपण कमी करत नाही. ते मोठेपण कोणाच्या डोळ्यांपुढे आणि कोणत्या सामाजिक व्याकरणात घडले, एवढे मात्र ते स्पष्ट करते. असामान्य व्यक्तीचे असामान्यत्व आपल्यापर्यंत पोहोचते ते बहुधा एखाद्या सामान्य माणसाच्या मापाने मोजले जाऊन. ते माप कोणते होते हे न विचारता आपण आकडा तेवढा उतरवून घेतो.

एवढ्यावर ग्रंथ संपत नाही आणि माझ्या मते हीच त्याची सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. जून १८५८मध्ये ग्वाल्हेरजवळ लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या. विष्णुभट तो शेवट ऐकीव सांगतात. राष्ट्रीय आख्यानाच्या दृष्टीने येथे पडदा पडावयास हवा. 'माझा प्रवास' मात्र पुढे चालूच राहतो. तीर्थयात्रा होतात, पुन्हा दक्षिणा मिळते, पुन्हा ती लुटली जाते. गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन, सोवळेओवळे सांभाळत, हा माणूस सुमारे अडीच-तीन वर्षांनी वरसईस परत येतो आणि आईवडिलांना त्या गंगोदकाने स्नान घालतो. ज्या कर्जासाठी तो निघाला होता त्याचा प्रश्न जवळजवळ होता तसाच राहतो. लेखकाच्या लेखी प्रवासाची सांगता या स्नानात आहे. आधुनिक वाचकाला हा उत्तरभाग पाल्हाळ वाटतो आणि अनेकजण तो चाळून सोडून देतात, असा वर्गातील अनुभव आहे. परंतु ग्रंथाची रचना लेखकाच्या बाजूने बोलते. त्याच्या आयुष्यात १८५७ हे एक भयंकर विघ्न होते. त्या विघ्नातून पार पडून त्याने पुत्रधर्म पुरा केला. ज्याला आपण स्वातंत्र्यसमर म्हणतो ते ज्याच्या आयुष्यात मध्येच येऊन गेले, अशा माणसाचे हे कथन आहे, आणि त्या काळातील लाखो माणसांच्या आयुष्यांत ते असेच मध्ये येऊन गेले असले पाहिजे.

ग्रंथाच्या संपादनाचा इतिहासही याच मुद्द्याकडे बोट दाखवतो. विष्णुभट हे चिंतामण विनायक वैद्य यांच्या घराण्याशी उपाध्येपणाच्या नात्याने जोडलेले होते. वैद्यांनीच त्यांना हे अनुभव लिहून काढण्यास सांगितले, आणि सरकारी रोषाच्या भीतीमुळे लेखकाच्या हयातीत ते छापले गेले नाहीत. वैद्य हे स्वतः व्यासंगी इतिहासकार होते. १९०७ची आवृत्ती तयार करताना त्यांनी भाषेत फेरफार केले आणि काही मजकूर वगळला. मूळ हस्तलिखित पुढे भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आले आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी मुळाबरहुकूम आवृत्ती १९६६ साली प्रसिद्ध केली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक जे वाचत होते, ते एका इतिहासकाराने इतिहासाच्या सोयीने नीटनेटके केलेले विष्णुभट होते. वैद्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्यावाचून हे लेखनच झाले नसते. तरीही खेदाची बाब अशी की, मुळाबरहुकूम पाठ उपलब्ध झाल्यानंतरही आपल्या समीक्षेने दोन्ही पाठ शेजारी ठेवून तपासण्याचे काम म्हणावे तितक्या गांभीर्याने केले नाही. कोणती वाक्ये गेली, कोणती बोली सुधारली गेली, भिक्षुकाच्या कोणत्या चिंता 'हकीकती'ला अनावश्यक ठरल्या, याची नोंद म्हणजे सामान्य आयुष्याचे साधन कसे घडवले जाते याचीच नोंद ठरेल. या ग्रंथाचे हिंदी रूप अमृतलाल नागरांनी केले आणि अलीकडे त्याची एकाहून अधिक इंग्रजी भाषांतरेही झाली. परभाषेत त्याला मिळालेली शीर्षके पाहिली तर तेथेही 'प्रवासा'पेक्षा '१८५७'चाच मान मोठा असल्याचे बहुधा दिसते.

हे केवळ विष्णुभटांपुरते नाही. मराठीतील आत्मकथनपर गद्याकडे या दृष्टीने पाहिले असता एक विलक्षण साम्य आढळते. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) हे पुस्तक न्यायमूर्तींच्या आठवणी जतन व्हाव्यात म्हणून लिहिले गेले. शीर्षकातील 'आमच्या' हा शब्द त्या हेतूची साक्ष देतो. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. तिची सुरुवातही रेव्हरंड टिळकांच्या चरित्राला साहाय्यभूत ठराव्यात अशा आठवणींतून झाली. तीन लेखक, तीन वेगळ्या परिस्थिती. पण तिघांनाही लेखणी हाती देण्यात आली ती आपल्यापेक्षा मोठ्या कोणाची किंवा कशाची तरी हकीकत पुरवण्यासाठी. अशा लेखनाला मी 'आनुषंगिक आयुष्य' म्हणू इच्छितो. मराठीत, निदान विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत, सामान्य जीवन छापखान्यापर्यंत पोहोचले ते बहुतेक वेळा असे कोणाच्या तरी अनुषंगाने. या ग्रंथांचे आकर्षण निर्माण होते ते ही हकीकत पुरवता पुरवता लेखणी हुकूमाबाहेर जाते त्या ठिकाणी. रमाबाई आपल्या शिक्षणाला घरातील वडील स्त्रियांनी केलेल्या विरोधाविषयी लिहू लागतात तेव्हा न्यायमूर्ती पार्श्वभूमीला सरकतात, आणि माजघरातील तो ताण एकाएकी सुधारणेच्या चळवळीचे खरे रणांगण होऊन जातो. सभांच्या वृत्तांतांत हे रणांगण कोठेही नाही.

शेवटाच्या बाबतीत मात्र हे ग्रंथ एकमेकांपासून दूर जातात आणि ते फार उद्बोधक आहे. रमाबाईंचे पुस्तक न्यायमूर्तींच्या निधनापाशी, १९०१ साली थांबते. सेवासदनाचे काम, स्त्रियांच्या मताधिकारासाठीचे प्रयत्न, असे त्यांचे स्वतःचे सार्वजनिक कर्तृत्व त्यानंतरच्या दोन दशकांतले. १९२४पर्यंत त्या हयात होत्या, पण त्या आयुष्याच्या आठवणी त्यांनी या पुस्तकात येऊ दिल्या नाहीत. 'स्मृतिचित्रे' टिळकांच्या १९१९मधील मृत्यूपाशी थांबत नाहीत. त्यांना पुढचा भागही आहे. विष्णुभट तर राणीच्या मृत्यूनंतर निःशंकपणे आपली कावड उचलून चालू लागतात. मोठ्या माणसाच्या मरणानंतर आपले आयुष्य सांगण्याजोगे उरते की नाही, याचा निर्णय प्रत्येकाने वेगळा घेतला आहे. लेखकाच्या स्वभावाचा हा प्रश्न आहे हे खरे, पण त्याहून अधिक तो स्त्री-पुरुष, धर्म आणि काळ यांनी घालून दिलेल्या मर्यादांचा आहे. पुरुष असल्यामुळे विष्णुभटांना आपल्या प्रवासाला स्वतःचा शेवट देणे अवघड गेले नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

युरोपात गेल्या अर्धशतकात सूक्ष्म इतिहासाची जी धारा निर्माण झाली तिच्याशी हा प्रश्न ताडून पाहणे उपयुक्त ठरेल. कार्लो गिन्झबुर्ग यांनी १९७६ साली फ्रिउली प्रांतातील मेनोक्किओ या गिरणीवाल्याचे विचारविश्व उभे केले. चीजमध्ये किडे पडावेत तशी सृष्टी उत्पन्न झाली असे म्हणणाऱ्या या माणसाला धर्मन्यायालयाने १५९९मध्ये मृत्युदंड देवविला. रणजित गुहा यांनी १९८७ सालच्या आपल्या निबंधात १८४९मधील बंगालमधील बागदी जातीच्या चंद्रा नावाच्या स्त्रीचा गर्भपाताच्या औषधाने झालेला मृत्यू वाचला, तो मोजक्या जबान्यांच्या आधारे. या दोन्ही ठिकाणी सामान्य माणूस बोलता झाला तो न्यायासनापुढे, म्हणजे शिक्षेच्या छायेत. आलँ कोर्बँ यांनी तर १९९८मध्ये मुद्दामच असा माणूस निवडला की ज्याने कोणापुढेही काही सांगितले नाही. लाकडी पादत्राणे तयार करणाऱ्या पिनागो या फ्रेंच कारागिराचे नाव त्यांनी नोंदवहीतून जवळजवळ चिठ्ठी काढावी तसे उचलले आणि त्याच्या भोवतीचे जग उभे केले. मध्यभागी तो माणूस रिकामाच राहिला, हे कोर्बँ यांना मान्यच होते. विष्णुभटांचे प्रकरण या तिन्हींहून निराळे आहे. त्यांना बोलते केले ते यजमानाने. जबानी देणारा स्वतःला वाचवण्यासाठी बोलतो. यजमानाला सांगणारा त्याला रुचेल असे बोलतो आणि आपल्या हालांचे मोलही हळूच सुचवतो. हे ध्यानात ठेवले तर त्यांच्या वारंवार लुटले जाण्याच्या वर्णनांतील किंचित कारुण्य आणि किंचित बढाई या दोहोंचा उगम कळतो. साधनाचा खरेखोटेपणा ठरवताना कोणी, कोणाला, कशाच्या अपेक्षेने सांगितले, हे पाहण्याची शिस्त आपण जुन्या बखरींना लावतो. 'माझा प्रवासा'लाही ती लावली पाहिजे.

'सामान्य' हा शब्दही तपासून घेणे भाग आहे. राणीच्या तुलनेत विष्णुभट सामान्य होते. पण लिहितावाचता येणारा, वेदविद्येमुळे राजवाड्यापासून छावणीपर्यंत सर्वत्र पंक्तीला बसवला जाणारा, दोन्ही बाजूंच्या सैन्यांतून भिक्षुक म्हणून वाट काढू शकणारा हा माणूस कित्येकांच्या तुलनेत असामान्य होता. त्यांच्या ग्रंथात दासी आहेत, ओझेवाले आहेत, शूद्रातिशूद्र जातींतील माणसे आहेत. पण बहुतेक वेळा नावाशिवाय, आणि जातिव्यवस्थेचे नियम लेखकाला इतके स्वाभाविक आहेत की, त्यांवर थांबण्याची त्याला गरजही वाटत नाही. त्याच सुमारास, बंडाच्या दोन वर्षे आधी, १८५५ साली मुक्ता साळवे या शाळकरी मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाला होता. जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकलेल्या या मुलीने पेशवाईच्या आठवणी सांगताना ज्या विद्वानांना धारेवर धरले, त्यांच्याच ज्ञातीतला एक माणूस दोन वर्षांनी वरसईहून दक्षिणेसाठी निघतो. विष्णुभटांच्या प्रवासाचा टप्प्याटप्प्याने नकाशा काढता येतो. मुक्ताबाईंच्या निबंधानंतरच्या आयुष्याविषयी आपल्यापाशी जवळजवळ काहीही नाही. ताराबाई शिंदे यांना 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२) लिहिण्यास जिच्या खटल्याने प्रवृत्त केले ती सुरतेची विधवा विजयालक्ष्मी, तिचीही तीच कथा : खटला सर्वांना माहीत आहे, ती स्वतः कोण होती ते नाही. म्हणून सामान्य जीवनांच्या अभ्यासाविषयी उत्साहाने बोलताना, कोणत्या सामान्याला कागद मिळाला हा प्रश्न दर वेळी विचारावा लागतो. लेखणी ज्यांच्या हाती होती त्यांच्यातील गरिबांना आपण चटकन 'सर्वसामान्य जनता' म्हणून टाकतो. ही सवय समीक्षेत बरीच रुळलेली आहे.

बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले तेव्हा आनुषंगिकतेची ही चौकट मोडली गेली. येथेही शीर्षकात अनेकवचन आहे, पण ते रमाबाईंच्या अनेकवचनाहून फार वेगळे. येथे 'आमुचं' म्हणजे महारवाड्याचे. बाबासाहेब आंबेडकरांची विभूती या कथनात सर्वत्र आहे, पण कथन त्यांच्या चरित्राला पुरवणी म्हणून लिहिलेले नाही. त्यांच्या शब्दाने वस्तीत काय बदलले, बायकांनी काय सोडले आणि काय धरले, हे येथे सांगितले जाते. असामान्य व्यक्तीचा अभ्यास करण्याची ही एक उलटी आणि माझ्या दृष्टीने अधिक फलदायी दिशा आहे : तिच्या आयुष्यात कोण आले यापेक्षा ती कोणाकोणाच्या आयुष्यात कशी येऊन गेली, हे पाहण्याची. याच दिशेने विष्णुभट पुन्हा वाचले तर लक्ष्मीबाई ही एका भिक्षुकाच्या प्रवासात सुमारे वर्षभराच्या आत भेटलेली, दक्षिणा देणारी, मग विहिरीवर दिसलेली आणि मग बातमीत निवर्तलेली अशी व्यक्ती ठरते. चरित्रकाराला हे अपुरे वाटेल. तत्कालीन बुंदेलखंडातील अनेकांना ती अशीच, तुकड्यातुकड्यांनी, भेटली असेल. महाश्वेतादेवींनी १९५६ साली आपले 'झांसीर रानी' हे पहिले पुस्तक लिहिण्यापूर्वी त्या प्रदेशात फिरून लोकांच्या तोंडच्या आठवणी आणि गीते गोळा केली, ती हेच तुकडे सांधण्यासाठी.

महाविद्यालयीन अध्यापनात याचा उपयोग कसा करावा, याविषयी दोन सूचना येथे कराव्याशा वाटतात. पहिली 'माझा प्रवासा'संबंधी. वर्गात विहिरीवरचा उतारा शिकवताना त्याच्या जोडीला ग्रंथाचा अखेरचा, गंगोदकाच्या कावडीचा भाग सक्तीने वाचून घ्यावा, आणि शक्य तेथे वैद्यांचा व पोतदारांचा पाठ एकाच प्रसंगापुरता तरी तुलनेसाठी द्यावा. पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका सत्रात हे काम सहज करता येते. पाठचिकित्सा म्हणजे केवळ संतवाङ्मयाची मक्तेदारी, हा समजही त्यामुळे दूर होईल. दुसरी सूचना प्रकल्पलेखनाविषयी आहे. 'आमच्या गावातील थोर व्यक्ती' या विषयावरचे प्रकल्प दरवर्षी ढिगाने येतात आणि ते बहुधा गौरवअंकांतून उतरवलेले असतात. त्याऐवजी विद्यार्थ्याने त्याच थोर व्यक्तीच्या अनुषंगाने कागदावर उतरलेले एखादे दुसरे आयुष्य शोधावे : तिच्या पत्रव्यवहारातील लेखनिक, संस्थेच्या हजेरीपटावरील शिपाई, वसतिगृहाच्या खर्चाच्या वहीत महिन्याच्या पगाराने नोंदलेली स्वयंपाकीण. त्या माणसाविषयी कागद जेथे थांबतो तेथे विद्यार्थ्यानेही थांबावे आणि कागद का थांबला याचे कारण लिहावे. मौखिक मुलाखती घेताना वंशजांची परवानगी, खाजगी तपशिलांची गुप्तता आणि जातीच्या उल्लेखांबाबतची सावधगिरी या गोष्टी मार्गदर्शकाने आधीच समजावून द्याव्या लागतील. मूल्यमापनात पानांच्या संख्येपेक्षा साधनाच्या चिकित्सेला अधिक गुण ठेवले, तर चार पानांचा प्रकल्पही पुरेसा होईल.